निष्पापांची गोतसभा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गुंफली जाते, त्यांच्या हाताखाली मला एकच वर्ष शिकावयास मिळाले. परंतु त्या एका वर्षात त्यांनी शाळेच्या ग्रंथालयातील नेहमी कुलूपबंद असणारे कपाट माझ्यासाठी उघडले, आणि वाचलेल्या पुस्तकाशी मनातल्या मनात एक तरी भांडण केल्यावाचून ते परत करावयाचे नाही, अशी अट घालून किल्ली माझ्या स्वाधीन केली. किल्ली यथाकाल परत गेली; अट मात्र अंगाला चिकटून राहिली, आणि आज एका चित्रपटाशी चार शब्दांचे भांडण करण्यासाठी मी आपणांपुढे उभा आहे तो त्या अटीपोटीच.

विषय जाहीर झाला तेव्हा मालेच्या चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने मला विचारले की, ज्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, शेतीचे अर्थशास्त्र आणि पेशवाईतील न्यायपद्धती अशा विषयांचा ऊहापोह झाला, तेथे निळ्या कातडीच्या, शेपटीवाल्या, अंतराळातील लोकांच्या सिनेमाला स्थान द्यावे काय? मी त्यांना म्हटले की, पेशवाईतील न्यायपद्धतीशीच माझ्या विषयाचा संबंध सर्वांत निकटचा आहे. त्यांना ती थट्टा वाटली असावी. ती थट्टा नव्हती, हे थोड्या वेळाने आपल्या ध्यानी येईल. विज्ञानकथा हा पोरकट प्रकार आहे या समजुतीचे निरसन तर मी करावयाचे उरलेलेच नाही. २०२१ साली नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांना दिले गेले, त्याच दिवशी मराठी भाषेपुरता तो खटला निकालात निघाला.

जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ हा चित्रपट २००९ सालच्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. आपणांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल, म्हणून त्याचे कथानक मी दोन वाक्यांत आटोपतो. अल्फा सेंटॉरी या ताऱ्याच्या परिवारातील एका प्रचंड वायुमय ग्रहाभोवती पँडोरा नावाचा उपग्रह फिरतो; तेथील जमिनीत एक दुर्मिळ खनिज सापडते, आणि ते उपसण्यासाठी पृथ्वीवरील एक कंपनी भाडोत्री सैनिक घेऊन तेथे ठाण मांडते. पायांनी अधू झालेला जेक सली नावाचा माजी सैनिक यंत्राच्या साहाय्याने तेथील नावी लोकांसारख्या घडवलेल्या देहात प्रवेश करतो, त्यांच्यात राहतो, त्यांच्यापैकी नेयतिरी या कन्येवर अनुरक्त होतो, आणि शेवटी आपल्याच जातभाईंविरुद्ध शस्त्र उचलतो. कंपनी सरकार, खनिजाचा लोभ, तोफखाना आणि त्याखाली भरडली जाणारी रयत! दीडशे वर्षे कंपनीचा आणि राणीचा अंमल सोसलेल्या आपल्या मुलखातील प्रेक्षकाला यातले काहीच अपरिचित नव्हते. शीर्षकसुद्धा आपल्याच घरचे.

तो चित्रपट पाहताना डोळे दिपले, परंतु मन स्वस्थ बसले नाही. त्यातले नावी लोक सुंदर होते, शूर होते, शिकार केलेल्या पशूची क्षमा मागत होते, एयवा नावाच्या आपल्या जगन्मातेशी त्यांचे अखंड अनुसंधान होते. आणि इतके सर्व असून त्यांच्यापैकी एकालाही रात्री झोप न यावी असा प्रश्न पडत नव्हता. जे काय करावयाचे ते त्यांना जन्मतःच ठाऊक होते. द्विधा मनःस्थिती, पश्चात्ताप, पक्षांतर, आत्मसंशोधन हा सारा ऐवज परदेशाहून आलेल्या त्या एका गोऱ्या शिपायाच्या खात्यावर जमा होता. दुर्बळांविषयी लिहिणाऱ्या पुष्कळ सहृदय लेखकांच्या हातून हा प्रमाद घडतो: ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना ते इतके निष्पाप रंगवतात की, त्यांच्याजवळ पाप करण्याचे सामर्थ्यच उरत नाही, आणि ज्याच्याजवळ ते सामर्थ्य नाही त्याच्या पुण्यालाही मग फारसा अर्थ राहत नाही. गाईला कोणी धर्मात्मा म्हणत नाही. अशा चित्रणाने वाचकाच्या मनात कणव उत्पन्न होते हे खरे, तथापि कणव म्हणजे आदर नव्हे. दुसऱ्याला आपल्याइतकेच चुकण्याचा अधिकार आहे हे मान्य केल्यानंतरच आदराला आरंभ होतो.

तेरा वर्षांनी, २०२२ साली, या कथेचा दुसरा भाग आला, आणि त्यात माझ्या मनातील या तक्रारीचे उत्तर अंशतः मिळाले. उत्तर देणारे पात्र मनुष्याकृती नव्हते, ही त्यातली मौज.

जेक आणि नेयतिरी आता चार लेकरांचे आईबाप आहेत. पृथ्वीवरचे लोक पूर्वीपेक्षा मोठ्या तयारीने परतले आहेत, आणि त्यांच्यात क्वारिच नावाच्या मृत सेनाधिकाऱ्याच्या स्मृती नावी देहात भरून उभा केलेला सूडाचा पुतळाही आहे. आपल्यापायी अरण्यातील आप्तेष्टांचा संहार होऊ नये म्हणून हे कुटुंब रान सोडून समुद्रकाठच्या मेटकायिना लोकांच्या आश्रयास जाते. तेथे त्यांचे आगतस्वागत होते ते आपल्याकडे कोकणातल्या खेड्यात घाटावरच्या पाहुण्याचे व्हावे तसे: आदराने, परंतु हाताचा पंजा उलटसुलट करून तपासल्यावर. शेपट्या बारीक, दंड अशक्त, पोहता येत नाही, आणि मुलांच्या हाताला मनुष्यासारखी पाच बोटे. एकाच देवतेला भजणाऱ्या दोन जमातींमधला हा सूक्ष्म तुच्छताभाव दिग्दर्शकाने फार नेमका टिपला आहे. पहिल्या चित्रपटातल्या एकजिनसी ‘नावी लोकां’ना येथे प्रथमच भाऊबंदकी प्राप्त झाली.

परंतु चित्रपटाचा खरा गाभा त्या समुद्रातील टुल्कुन नावाच्या महाकाय जलचरांत आहे. आपल्या देवमाशाच्या जातीचे हे प्राणी मेटकायिनांचे सोयरे आहेत. त्यांना भाषा आहे, संगीत आहे, गणित आणि तत्त्वज्ञान आहे, आणि एक कायदा आहे. हत्या कितीही न्याय्य असली तरी ती पुढल्या हत्येलाच जन्म देते, सबब हत्या सर्वथा वर्ज्य, असा तो कायदा. अपवाद नाही, परिशिष्ट नाही, आततायी शत्रूसाठी राखून ठेवलेली पळवाट नाही. पायाकान नावाच्या एका तरुण टुल्कुनाच्या डोळ्यांदेखत शिकाऱ्यांनी त्याच्या आईला मारले. तेव्हा त्याने आपल्या वयाचे काही टुल्कुन आणि काही नावी जमवून शिकाऱ्यांच्या जहाजावर चाल केली. बरोबरचे सर्व मारले गेले, पायाकान एकटा वाचला, आणि त्याच्या गोताने त्याला कायमचा बहिष्कृत केला.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना दिलेल्या उत्तराकडे वळतो. मराठेशाहीत असा तंटा उपस्थित झाला असता तर गोतसभा बसली असती. वादी-प्रतिवादींच्या तकरीरी लिहून घेतल्या गेल्या असत्या, साक्षीमोझे झाले असते, सभासदांच्या निशाण्यांनिशी महजर झाला असता, आणि दोषी ठरलेला मनुष्य वाळीत पडला असता तरी प्रायश्चित्त घेऊन पुन्हा गोतात येण्याची वाट त्याला बहुधा मोकळी राहिली असती. पायाकानच्या प्रकरणात नेमका तकरिरीचाच कागद गहाळ आहे. मेटकायिनांच्या मुलाबाळांना लहानपणापासून सांगितले जाते की तो खुनी आहे, त्याने आपल्याच सोबत्यांचे जीव घेतले. वस्तुस्थिती अशी की त्याने ते घेतले नाहीत. ते त्याच्यामुळे गेले. मारणे आणि मरणास कारण होणे यांतील अंतर ओलांडावयास कायद्याला एक पिढीही लागली नाही, आणि जेकच्या ज्या लोआक नावाच्या उनाड, उपऱ्या, पाच बोटांच्या मुलाला स्वतः कोठेच थारा नव्हता, त्याच्याखेरीज त्या जनावराला कोणी विचारलेही नाही की बाबा रे, त्या दिवशी झाले तरी काय?

वाळीत टाकण्याची प्रथा आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली संमत केला, म्हणजे अगदी काल-परवा. आणि तो करावा लागला याचाच अर्थ, जातपंचायतींचे हुकूम तोवर बिनबोभाट चालत होते. परंतु टुल्कुनांचे प्रकरण आपल्या जातपंचायतीपेक्षा अवघड आहे. जातपंचायत प्रायः आपल्या अहंकाराच्या रक्षणासाठी माणसाला वाळीत टाकते. टुल्कुनांनी मात्र एका उदात्त तत्त्वाच्या रक्षणासाठी एका दुखावलेल्या पोराला टाकले. क्रूर नियमाने क्रौर्य केले तर त्यात नवल ते काय? येथे दयेनेच क्रौर्य केले आहे. अहिंसेच्या व्रतालाही बळी लागतो, आणि तो बहुधा त्या व्रताचे पालन करणाऱ्यांचा नसून ज्याला ते झेपले नाही त्याचा असतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दृश्य मी तरी कोट्यवधींच्या खर्चाने काढलेल्या करमणुकीच्या चित्रपटात अन्यत्र पाहिलेले नाही.

या टुल्कुनांची शिकार कशासाठी होते, तेही सांगण्याजोगे आहे. त्यांच्या मेंदूतून एक पिवळसर द्रव निघतो. तो घेतल्याने मनुष्याचे वार्धक्य थांबते, आणि त्याच्या एका कुपीचे मोल सुमारे आठ कोटी डॉलर. या द्रवाला पटकथाकारांनी नाव दिले आहे ‘अम्रिता’. चित्रपटगृहात माझ्याशेजारी बसलेली माझी नात हे नाव ऐकून खुदकन हसली, आणि मला मात्र समुद्रमंथन आठवून अंगावर काटा आला. कारण आपल्या पुराणातही अमृत समुद्रातूनच निघते, ज्यांनी घुसळण केली त्या सर्वांना ते मिळत नाही, आणि त्याच्या वाटणीवरून जे वैर पेटते ते पुढे कधीच विझत नाही. शिकारी जहाजाच्या कप्तानाचे आडनाव स्कोर्सबी आहे. विल्यम स्कोर्सबी नावाचा एक देवमाशांचा शिकारी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात खरोखरच होऊन गेला. तो आर्क्टिक समुद्राचा साक्षेपी अभ्यासक होता आणि उत्तरायुष्यात धर्मोपदेशक झाला. चित्रपटातल्या कप्तानाला मात्र पश्चात्तापाचा वाराही लागलेला नाही.

पायाकानच्या प्रश्नाशी मराठी वाचकाची जुनी ओळख आहे. ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण आपण पुन्हा काढून पाहावे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात टिळक आरंभीच हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांची संकटे उभी करतात, आणि मग अहिंसा, सत्य, अस्तेय अशा एकेका सर्वमान्य धर्माला हाती घेऊन, आततायी अंगावर चालून आला असता त्या धर्माचे काय करावयाचे, हे शास्त्राधारे तपासतात. टिळकांचा निर्णय आपणांस ठाऊकच आहे. मंडालेच्या तुरुंगात बसून तो लिहिणाऱ्या पुरुषाचा निर्णय निराळा होणे संभवनीयच नव्हते. परंतु मला त्या निर्णयापेक्षा त्या प्रकरणाची मांडणी मोलाची वाटते. टिळक नियमाला तुच्छ लेखत नाहीत. अपवाद करावयाचा तर त्याची किंमत मोजून करावयाचा, ही त्यांची शिस्त आहे. टुल्कुनांजवळ नियम आहे आणि अपवादाचे शास्त्र नाही. पायाकानने अपवाद आधी केला, शास्त्र त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

याच प्रश्नावर कॅमेरून यांच्या कितीतरी आधी उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने एक लघुकादंबरी लिहून ठेवली आहे. ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही ती कृती १९७२ साली, व्हिएतनामचे युद्ध चालू असताना प्रसिद्ध झाली. तिच्यातही अरण्यमय जग आहे, लाकडासाठी ते तोडणारे पृथ्वीवासी आहेत, आणि हत्या म्हणजे काय हेच न जाणणारी हिरव्या केसाळ देहाची बुटकी माणसे आहेत. त्यांच्यातील सेल्व्हर नावाचा पुरुष, बायकोच्या विटंबनेने व मरणाने पेटून, आपल्या लोकांना मारावयास शिकवतो. त्याचे लोक त्याला पापी म्हणत नाहीत आणि वीरही म्हणत नाहीत. ते त्याला देव म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत नवी गोष्ट जगात आणणारा तो देव. लढाई ते जिंकतात, परके निघून जातात, आणि वाचकाच्या पदरी काय पडते? शिकलेली विद्या विसरता येत नाही, हे एवढेच. ले ग्विनबाईंच्या त्या शंभरसव्वाशे पानांत विजयाची एकही आरोळी नाही. कॅमेरून यांना मात्र प्रेक्षकाची टाळी हवी असते. दुसऱ्या भागाच्या अखेरीस पायाकान उसळी मारून जहाजावर आदळतो आणि कप्तान स्कोर्सबीचा हात तुटतो, तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या. मीही, खोटे कशाला सांगू, खुर्चीत पुढे सरकलो होतो. ज्या कायद्याविषयी दिग्दर्शकाने तासभर आमच्या मनात आदर निर्माण केला, तो कायदा मोडला जात असताना आम्ही टाळ्या पिटाव्यात अशी तजवीजही त्यानेच केली होती.

२०२५ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या भागाने भाऊबंदकीचे हे सूत्र पुढे नेले आहे. त्याचे नाव ‘फायर अँड अॅश’. येथे मांक्वान नावाची जमात अवतरते. ज्वालामुखीच्या उद्रेकात तिचे घर जळून खाक झाले. तिने जगन्मातेचा धावा केला, आणि जगन्माता आली नाही. त्या राखेतून वारांग नावाची एक स्त्री उठली आणि जी देवता हाकेला ओ देत नाही तिची सत्ता आपण मानीत नाही, असे म्हणून तिने आपल्या लोकांना लूटमारीच्या वाटेला लावले. ऊना चॅप्लिन यांनी ही भूमिका अशा तन्मयतेने केली आहे की, तिच्यापुढे इतर पात्रे क्षणभर चित्रासारखी सपाट वाटतात. वारांगचे म्हणणे आपण नास्तिकाचे म्हणून बाजूला सारू शकत नाही. देव आहे, तो उत्तरे देतो, इतरांना त्याने उत्तरे दिल्याचे तिने पाहिले आहे. फक्त आपल्या वेळी तो गप्प बसला. नास्तिकाला राग येण्याचे कारण नसते. हिचा राग हा टाकून दिलेल्या भक्ताचा राग आहे. आपल्या संतांच्या अभंगांतून विठ्ठलाशी झालेली कडाक्याची भांडणे ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना हा स्वर ओळखू येईल. फरक एवढाच की, आमचे संत भांडून पुन्हा त्याच दारात बसले, आणि ही दार पेटवून निघून गेली.

क्वारिच या स्त्रीशी तह करतो. तिला बंदुका आणि आगीचे हत्यार हवे, त्याला जेक हवा. येथे चित्रपट साम्राज्यशाहीचे एक जुने गुपित सांगून जातो: परक्याला आत शिरण्यासाठी भिंत फोडावी लागत नाही, आतल्या एखाद्याच्या उरातील जखम पुरते. परंतु गुपित सांगून तो तेथे थांबत नाही. वारांगची जखम आपल्याला दिसते न दिसते तोच ती खलनायिका होते, आणि तिच्या जमातीतील एखाद्या म्हाताऱ्याला, एखाद्या बाळंतिणीला या लुटीविषयी काय वाटत असेल, हे विचारावयास सव्वातीन तासांच्या चित्रपटात पाच मिनिटे मिळत नाहीत. दोन चित्रपटांपूर्वी नावी लोक निखालस चांगले होते; आता त्यांच्यातील एक जमात निखालस वाईट झाली. हा पालट म्हणजे न्याय नव्हे, केवळ जमाखर्चाची दुरुस्ती.

त्यापेक्षा खोल जाणारा संघर्ष जेकच्या स्वतःच्या घरात आहे. स्पायडर हा क्वारिचचा मनुष्यपुत्र, जो नावी मुलांत वाढला. दुसऱ्या भागात क्वारिचने नेयतिरीची लेक ओलीस धरली, तेव्हा या निरपराध पोराच्या छातीला सुरी लावून नेयतिरी उभी राहिली होती. तिसऱ्या भागात हा मुलगा पँडोराची विषारी हवा मुखवट्याविना श्वासावाटे घेऊ लागतो, आणि त्याच्या देहातील हे रहस्य पृथ्वीवासीयांच्या हाती लागले तर सारी मानवजात येथे येऊन वसेल, म्हणून जेक त्याला मारण्यासाठी रानात घेऊन जातो. त्याच्या हातून ते होत नाही. आमच्याकडील श्रोत्याला येथे ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची आठवण होईल. तेथे तर बापच गाईंच्या मोबदल्यात मुलाला यूपाला बांधतो आणि त्याच्यावर चालवण्यासाठी सुरी पाजळतो. शंभर गाई आणि समस्त जमातीचे रक्षण यांतले दुसरे कारण नि:संशय मोठे आहे. सुरीखाली असलेल्या मुलाला मात्र हे अंतर समजावून सांगणे कठीण.

आणि मग टुल्कुन. लोआक त्यांच्या ज्येष्ठांपुढे पायाकानची बाजू मांडतो, आणि ज्या प्रजेने हत्या वर्ज्य केली होती ती अखेर युद्धात उतरते. माझे भांडण येथे आहे. पिढ्यान्पिढ्या जपलेला कायदा मोडावा की मोडू नये, हा विवाद ज्या सभेत होतो, ती सभा या तिन्ही चित्रपटांतील सर्वांत महत्त्वाची जागा होय. आणि तेथे कॅमेरा जेमतेम टेकतो, कारण पुढची लढाई त्याला हाक मारीत असते. कायद्याच्या बाजूने जो बोलला असेल त्याचे भाषण मला ऐकावयाचे होते.

असे भाषण पृथ्वीवर एकदा झाले आहे, आणि जेथे हे चित्रपट घडवले गेले त्या न्यूझीलंडच्या परिसरातच झाले आहे. पटकथाकारांच्या मनात ती हकीकत होती असा माझा दावा नाही. परंतु मेटकायिनांच्या चेहऱ्यांवरील गोंदणाची नक्षी माओरी वळणाची आहे आणि त्यांच्या नायकाचे काम क्लिफ कर्टिस या माओरी नटाने केले आहे, तेव्हा ती सांगणे अप्रस्तुत होणार नाही. न्यूझीलंडच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरांवर चॅथम बेटे आहेत. मूळ रहिवासी मोरियोरी त्यांना रेकोहू म्हणतात. कित्येक शतकांपूर्वी त्यांच्यातील नुनुकू-व्हेनुआ नावाच्या नायकाने आपसांतील रक्तपाताला विटून मनुष्यहत्येस मनाई केली. तंटा झालाच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने लढावे, आणि रक्ताचा पहिला थेंब दिसताच थांबावे, एवढीच मुभा ठेवली. हा कायदा पिढ्यान्पिढ्या पाळला गेला. थंड, वादळी समुद्रातील त्या लहानशा बेटावर दीर्घकाळ दुसऱ्या कोणाचे येणेजाणे नव्हते.

१८३५ च्या नोव्हेंबरात ‘लॉर्ड रॉडनी’ नावाच्या जहाजातून न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या दोन माओरी जमातींचे सुमारे ५०० लोक बंदुका घेऊन तेथे उतरले. डिसेंबरात दुसऱ्या खेपेला आणखी ४०० आले. हे लोक मूळचे तारानाकीचे. बंदुका प्रथम हाती आलेल्या दुसऱ्या माओरी जमातींच्या दबावाखाली त्यांचा स्वतःचा मुलूख सुटला होता. युरोपियन व्यापाऱ्यांनी आणलेल्या हत्याराने आधी त्यांना उखडले, आणि तेच हत्यार घेऊन ते निःशस्त्रांच्या बेटावर आले. वारांग आणि तिची राख पडद्यावर पाहताना मला हे लोक आठवत होते.

मोरियोरींची सभा ते आवापातिकी येथे भरली. सुमारे हजार पुरुष जमले होते. संख्या त्यांच्या बाजूने होती. तरुणांचे म्हणणे असे पडले की, नुनुकूचा कायदा आपसांतील भांडणांपुरता होता, परक्यांसाठी नव्हता. प्रतिकार केलाच पाहिजे. टिळकांच्या ‘कर्मजिज्ञासे’त हा युक्तिवाद शोभून दिसला असता. परंतु तापाता आणि तोरेआ या दोन वृद्धांनी उलट कौल दिला. त्यांचा आशय असा की, हा कायदा जीव वाचवण्याची युक्ती म्हणून आपण स्वीकारलेला नाही, की जीव धोक्यात येताच तो टाकून द्यावा. तो मोडला तर आपण जगूही, परंतु जगतील ते मोरियोरी नसतील. सभेने वृद्धांचे ऐकले. आलेल्यांना तहाचा आणि बेटावरील अन्नपाण्यात वाटणीचा प्रस्ताव द्यावयाचा ठरला. तो पोहोचण्याआधीच कत्तलीला आरंभ झाला. सुमारे ३०० जण मारले गेले, उरलेले गुलाम झाले. १८३५ साली १,७०० च्या आसपास असलेली त्यांची लोकसंख्या १८६२ पर्यंत १०१ वर आली.

आता निवाडा कोणाच्या बाजूने द्यावयाचा? मी या प्रश्नावर बरीच वर्षे घालवली आहेत. तरुणपणी मला त्या दोन वृद्धांचा संताप येत असे. हजार पुरुष हाताशी असताना मुलाबाळांना कत्तलीच्या स्वाधीन करणारे तत्त्व कसले, असे वाटे. आज माझे वय त्यांच्या वयाच्या जवळ आले असावे, आणि संताप पुरता गेलेला नाही. परंतु तरुणांचे ऐकले असते तर जे वाचले असते ते काय असते, हेही मला सांगता येत नाही. त्या सभेतील दोन्ही पक्ष मला समोरासमोर बसलेले दिसतात, आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे मला पूर्ण ऐकू येते. टुल्कुनांच्या सभेत मला एकच पक्ष ऐकू आला होता.

पुढली हकीकत थोडी आहे. १८६२ साली मोरियोरी वडीलधाऱ्यांनी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्याकडे अर्ज करून दाद मागितली. हत्यार न उचलणाऱ्यांनी अखेर कागद उचलला. पुढल्या वर्षी गुलामगिरी उठल्याचे जाहीर झाले. १८७० साली जमिनीच्या मालकीचा दावा सरकारी न्यायालयापुढे आला, तेव्हा जिंकून घेतलेल्या ताब्यालाच हक्क मानून न्यायालयाने ९७ टक्क्यांहून अधिक जमीन न्गाती मुतुंगांच्या नावे केली. मोरियोरी संपले असे न्यूझीलंडच्या शाळांतून पुढे पुष्कळ वर्षे शिकवले जात होते, आणि ज्या वर्गात ते शिकवले जाई तेथे क्वचित एखादे मोरियोरी मूलही बसलेले असे. २००५ साली रेकोहूवर त्यांनी आपले सभागृह उभारले. कोपिंगा मराए हे त्याचे नाव. त्याच्या मधल्या खांबावर १८३५ साली हयात असलेल्या पूर्वजांची नावे आहेत: मारले गेले त्यांची, गुलाम झाले त्यांची, आणि ते आवापातिकीच्या सभेत लढावे म्हणून बोलले त्यांचीही.